शब्द ओळखीचे, तरी कानाला परके

लालबागहून एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. ती लिहिते:

‘ताई, मी दादरच्या एका कॉलेजात एसवायबीएला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी वाचते, लिहिते, लेखी पेपरात मार्कही बरे पडतात. पण या सेमिस्टरला २० मार्कांची लिसनिंग टेस्ट आहे. लँग्वेज लॅबमध्ये तीन रेकॉर्डिंग लावतात: एक संभाषण, एक सूचना, एक लेक्चरचा तुकडा. प्रत्येक दोनदा. सराव परीक्षेत मला ७ मिळाले. नंतर सरांनी त्याचाच छापील मजकूर दिला, तर त्यात न कळणारे शब्द जेमतेम चार-पाच! ऐकताना मात्र कुणीतरी पाण्याखालून बोलतंय असं वाटत होतं. मैत्रीण म्हणते इंग्रजी सिनेमे बघ. आई म्हणते स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव, पण फी ऐकून मलाच नको वाटतं. आमची एकच खोली, टीव्ही दिवसभर चालू. परीक्षेला सहा आठवडे आहेत. पुढे एमएसाठी परदेशी जायचं मनात आहे, म्हणजे आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आलीच, आणि तिथे तर एकदाच ऐकवतात म्हणे. मी काय करू?’

तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तूच पत्रात लिहून टाकलं आहेस. छापील मजकूर हातात आल्यावर न कळणारे शब्द चार-पाचच निघाले, हे ते. याचा अर्थ शब्दसंग्रह कमी पडला नाही, व्याकरणही कमी पडलं नाही. तू इंग्रजी डोळ्यांनी शिकलीस. पुस्तकातून, फळ्यावरून, गाइडमधून. वर्गात बाईंनी जे वाचून दाखवलं तेही सावकाश, एकेक शब्द सुटा करून. त्यामुळे शब्द दिसला की तू ओळखतेस, ऐकू आला की ओळखत नाहीस. या सहा आठवड्यांत करायचं काम एवढंच आहे: जे शब्द तुला आधीच येतात, ते बोलताना कसे ऐकू येतात हे कानाला माहीत करून द्यायचं. नवीन शब्दांच्या याद्या पाठ करण्यात एकही संध्याकाळ घालवू नकोस.

आपण मराठी बोलताना जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो. इंग्रजी बोलणारे तसं करत नाहीत. वाक्यातले अर्थाचे शब्द, म्हणजे नाम, क्रियापद, विशेषण, आकडे, ते ठासून म्हणतात आणि मधले टू, ऑफ, फॉर, कॅन, वॉज उरकून टाकतात. या बारक्या शब्दांचा स्वर मग आपल्या ‘अ’सारखा होतो. फॉरचा ‘फर’, टूचा ‘ट’, कॅनचा ‘कन’, फ्रॉमचा ‘फ्रम’. हा ‘अ’ आपल्याला नवा नाही, ‘कमळ’ म्हणताना आपण तोच म्हणतो. फक्त इंग्रजीत तो इतक्या ठिकाणी येईल अशी आपल्या कानाची तयारी नसते. त्यात भर म्हणजे एका शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन चिकटतं. ‘ॲन अवर अँड अ हाफ’ हे पाच शब्द ‘अनावरनहाफ’ असे एका दमात येतात. तू पाच शब्दांची वाट बघत बसतेस आणि कानावर पडतो एकच लांबलचक, अनोळखी शब्द. तो कुठला असेल याचा विचार करेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. तुला जे पाण्याखालचं वाटलं ते हे.

यावर जुना, कंटाळवाणा आणि खात्रीचा उपाय आहे: श्रुतलेखन. शाळेत करायचो तेच. मी वर्षानुवर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवते आहे आणि तुझ्यासारख्या मुलांना पहिल्यांदा हेच करायला लावते.

अर्ध्या मिनिटाचा तुकडा घे, त्याहून मोठा नको. तुकडा असा हवा की त्याचा छापील मजकूर तुझ्याकडे आहे, पण तो आधी बघायचा नाही. एकदा नुसता ऐक, कशाबद्दल चाललंय तेवढं समजून घे. मग वही उघडून वाक्यावाक्याला थांबव आणि ऐकू येईल ते लिही. अडलं तर मागे जाऊन पुन्हा ऐक. चार-पाचदा ऐकूनही जे लागत नाही तिथे रिकामी जागा सोड, किंवा नुसता आवाज देवनागरीत लिहून ठेव. मग छापील मजकूर काढ आणि लाल पेनाने ताडून बघ.

परवा माझ्याकडच्या एका मुलाने असं वाक्य लिहिलं: ‘आय शुड ऑफ आस टीम अबाउट इट.’ टीम कुठून आली ते त्यालाच कळेना. खरं वाक्य होतं ‘आय शुड हॅव आस्क्ड हिम अबाउट इट’. आता हे तोंडाने भरभर म्हणून बघ. हॅवमधला ‘ह’ जातो आणि ‘शुडव’ होतं. आस्क्डमधला ‘क’ जातो, हिममधला ‘ह’ही जातो, आणि उरतं ‘आस्टिम’. मुलाचा कान अगदी बरोबर होता, त्याने ऐकलं तेच लिहिलं. त्याला फक्त एवढंच माहीत नव्हतं की हिम, हर, हॅव, ही यांचा ‘ह’ वाक्याच्या मध्ये बहुतेकदा गळतो. एकदा कळल्यावर पुढच्याच तुकड्यात त्याने ‘टेलर’ हे ‘टेल हर’ आहे हे आपणहून पकडलं.

लाल खुणा झाल्या की प्रत्येक चुकीपुढे कारण लिही. शब्दच माहीत नव्हता, की माहीत असून ओळखला नाही, की शेवटचा ‘स’ किंवा भूतकाळाचा ‘ड’ निसटला? तुझ्या बाबतीत दुसऱ्या प्रकारच्या खुणा सगळ्यात जास्त निघतील असा माझा अंदाज आहे. तीच तुझी खरी अभ्यासाची यादी. ती वाक्यं पुन्हा ऐक आणि बोलणाऱ्याच्या बरोबर, त्याच्याच वेगाने, मोठ्याने म्हण. असं त्याच्या जोडीने म्हणणं टाळू नकोस. जे तोंडातून एकदा तसं निघालं ते कान पुढच्या वेळी सोडत नाही.

दोन जागा मुद्दाम घोटून घे, कारण परीक्षेत हटकून त्यांच्यावर प्रश्न असतो. पहिली थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी ही जोडी. शेवटचा ‘न’ शोधत बसू नकोस, तो नीट ऐकू येईलच असं नाही. जोर कुठे आहे ते ऐक. थर्टीनमध्ये मागचा भाग लांबतो, ‘टीऽन’. थर्टीमध्ये जोर पुढे असतो आणि शेवट आखूड. अमेरिकन माणूस म्हणत असेल तर थर्टीचं ‘थर्डी’च होतं. दुसरी जागा कॅन आणि कान्टची. इथे मुलं ‘ट’ ऐकायला जातात आणि फसतात, कारण तो ‘ट’ बरेचदा गिळलेला असतो. होकार असेल तर शब्द चोरटा येतो, ‘आय कन कम’. नकार असेल तर तो पूर्ण आणि ठासून येतो, ब्रिटिश बोलण्यात ‘कान्ट’, अमेरिकन बोलण्यात ‘कॅन्ट’. लांब आणि जोरदार ऐकू आला की नकार समज.

ऐकायचं काय? पैसे खर्च करायची गरज नाही. ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश या साइटवर पातळीनुसार लावलेले छोटे ऑडिओ आहेत, सोबत प्रश्न आणि छापील मजकूर. तू ए-टू या सोप्या पातळीपासून सुरू कर आणि ते सोपं वाटलं की बी-वन या पुढच्या पातळीवर जा. सुरुवातीलाच वरच्या पातळीचं काही घेऊन स्वतःला नाउमेद करू नकोस. पहिल्या ऐकण्यात बराचसा अर्थ लागतो आणि तपशील निसटतात, असा तुकडा सरावाला सगळ्यात चांगला. बीबीसी लर्निंग इंग्लिशचं सिक्स मिनिट इंग्लिश दुसऱ्या आठवड्यापासून घे. दोन निवेदक एका विषयावर गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न विचारतात, त्याचं उत्तर शेवटी देतात, त्यामुळे आपोआप शेवटपर्यंत लक्ष राहतं. मजकूर मिळतो, पण तो शब्दशः नसतो, तसं त्यावर लिहिलेलंही असतं. म्हणून एखादा शब्द जुळला नाही तर लगेच आपलीच चूक धरू नकोस. लेक्चरच्या सरावाला टेड या संस्थेची इंग्रजी भाषणं घे. त्यांच्या साइटवर मजकुरातल्या वाक्यावर बोट ठेवलं की व्हिडिओ नेमका तिथे जातो, श्रुतलेखनाला हे फार सोयीचं पडतं. वेग कमी करून ऐकायची सोय असते, ती अडलेलं वाक्य तपासण्यापुरतीच वापर. लॅबमध्ये कुणी वेग कमी करून देणार नाही.

मनातल्या मनात मराठीत भाषांतर करायची सवय असेल तर ती सुटायला हवी, आणि नुसतं ‘करणार नाही’ म्हणून ती सुटत नाही. विषय आधी माहीत असला की सुटते. त्यासाठी रोज एक सोपी गोष्ट कर. आकाशवाणीच्या मराठी बातम्या ऐक आणि मग त्याच दिवसाच्या इंग्रजी बातम्या ऐक. न्यूज ऑन एअर या ॲपवर दोन्ही मिळतात. धरण किती भरलं, कोर्टाने काय म्हटलं, सामना कोण जिंकलं हे तुला आधीच ठाऊक असेल, त्यामुळे भाषांतराची गरज लागत नाही आणि कान इंग्रजीवरच राहतो. क्रिकेट आवडत असेल तर इंग्रजी समालोचनही चालेल. चेंडू डोळ्यांसमोर असतो आणि समालोचक काय बोलणार याचा अंदाज आधीच आलेला असतो.

हा अंदाज फार महत्त्वाचा आहे, आणि तो तू रोज बांधतेस. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन दादर’ झालं, हिंदीत झालं, की तिसऱ्यांदा इंग्रजीत येतं. डब्यात कितीही गलका असो, ती इंग्रजी घोषणा तुला कळतेच. तिथे काय येणार हे तुला आधीच माहीत असतं आणि कान फक्त स्टेशनचं नाव टिपायला टपलेला असतो. परीक्षेतही हेच करायचं. रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी प्रश्न वाचायला जो वेळ देतात, त्यात प्रश्न पाठ करू नकोस. प्रत्येक रिकाम्या जागेत काय बसेल ते ठरव: आकडा, वार, माणसाचं नाव, जागा, की कारण. ‘द लायब्ररी क्लोजेस ॲट’च्या पुढे वेळच येणार. मग बाकीचं कानावरून जाऊ दे, वेळ आली की टिप.

आता प्रश्न काढणारे कुठे अडकवतात ते सांगते. प्रश्नातला शब्द रेकॉर्डिंगमध्ये सहसा तसाच येत नाही. प्रश्नात ‘चीप’ असेल तर बोलणारा म्हणेल ‘इट डिडन्ट कॉस्ट मच’. उलट, पर्यायातला शब्द जसाच्या तसा कानावर आला तर जरा सावध हो, तो बरेचदा चुकीच्या पर्यायाचा असतो. संभाषणात माणसं बोललेलं बदलतात: ‘लेट्स मीट ऑन ट्यूजडे, ओ नो, आय हॅव अ क्लास, मेक इट थर्सडे’. ट्यूजडे ऐकल्याबरोबर लिहून जी मुलगी पुढच्या प्रश्नावर गेली तिचा मार्क गेला. म्हणून बट, ॲक्चुअली, सॉरी, इन्स्टेड हे शब्द ऐकले की पेन थांबव आणि नीट ऐक, उत्तर बहुधा त्यांच्या मागून येतं. लेक्चरच्या तुकड्यात ‘द मेन रीझन’, ‘हाउएव्हर’, ‘फॉर एक्झाम्पल’ हे शब्द वाट दाखवतात. उदाहरण सुरू झालं म्हणजे मुद्दा आधी सांगून झालेला असतो, हे ध्यानात ठेव.

तुम्हाला प्रत्येक रेकॉर्डिंग दोनदा ऐकवतात ही मोठी सोय आहे, पण बहुतेक मुलं ती वाया घालवतात. पहिल्या वेळी एका जागी अडतात, तिथेच घुटमळतात आणि पुढचे तीन प्रश्न गमावतात. तू असं कर: पहिल्यांदा जे सहज मिळेल ते लिही, निसटलेल्या प्रश्नापुढे छोटी खूण कर आणि बोलणाऱ्याबरोबर पुढे चल. दुसऱ्या वेळी फक्त खुणांच्या जागा ऐक. लेक्चर ऐकताना कच्च्या नोंदी मराठीत लवकर होत असतील तर खुशाल मराठीत कर, उत्तर तेवढं इंग्रजीत गेलं म्हणजे झालं. शेवटी एकही जागा कोरी ठेवू नकोस. चुकीच्या उत्तराला मार्क कापत असतील तर मात्र विचार करून लिही. ते सरांना आधीच विचारून घे.

घरातल्या गलक्याचं काय, हा तुझा खरा अडथळा आहे आणि मी तो हलका मानत नाही. श्रुतलेखनाला शांतता लागते. जवळच्या अभ्यासिकेत जागा मिळत असेल तर तिथे इअरफोन लावून बस. नसेल तर कॉलेजात अर्धा तास लवकर जा. रिकाम्या वर्गासारखी जागा या शहरात शोधून सापडायची नाही. आणि लँग्वेज लॅब रोज सगळा वेळ भरलेली नसते, म्हणून सरांना भेटून मोकळ्या तासाला बसू द्याल का ते विचार. संकोच करू नकोस. विद्यार्थी आपणहून सरावाला येतोय याचा कुठल्याही शिक्षकाला आनंदच होतो. बस-ट्रेनमध्ये नवीन तुकडा ऐकू नकोस, तिथे तो लागत नाही आणि उगाच चिडचिड होते. वहीत सोडवून झालेले तुकडे प्रवासात पुन्हा पुन्हा ऐक. अर्थ आणि शब्द दोन्ही माहीत असले की तेच आवाज गर्दीतही सुटे होऊन कानावर येतात.

शेवटच्या पंधरवड्यात परीक्षेसारखाच सराव हवा. लॅबमध्ये तुम्हाला हेडफोन देतात की स्पीकरवर लावतात? स्पीकर असेल तर फोनच्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून, थोड्या अंतरावर बसून ऐकायची सवय कर. परीक्षेच्या दिवशी लवकर जाऊन स्पीकरजवळची जागा धर. हेडफोन असतील तर बसल्याबरोबर दोन्ही कानांना आवाज येतोय ना ते बघ, येत नसेल तर रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी हात वर कर. नंतर तक्रार करून काही हाती लागत नाही.

सिनेमांबद्दल मैत्रिणीचं म्हणणं पूर्ण चूक नाही, पण सबटायटल लावून दोन तास बघितलं तर वाचनाचाच सराव होतो. डोळे पुढे धावतात आणि कान विसावतो. बघायचाच असेल तर तीन-चार मिनिटांचा एक प्रसंग निवड. आधी सबटायटलशिवाय बघ, मग इंग्रजी सबटायटल लावून, मग पुन्हा काढून. हे रविवारी कर. रोजचा अर्धा तास श्रुतलेखनाचाच.

आईंना काळजी वाटते म्हणून त्या क्लासचं म्हणतात, ते समजून घे. पण स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये भर असतो बोलण्यावर, आणि तिथे जे ऐकायला मिळतं ते शिकवणाऱ्या एका माणसाचं, सावकाश केलेलं बोलणं. या परीक्षेसाठी तुला त्याचा फारसा उपयोग नाही. ती फी वाचव आणि त्यातल्या थोड्या पैशात बरे इअरफोन घे. आईंना लाल पेनाची वही दाखव. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खुणा कमी झालेल्या त्यांनाही दिसतील.

आयईएलटीएसचं म्हणशील तर तू ऐकलंस ते खरं आहे, तिथे रेकॉर्डिंग एकदाच लावतात. चार भाग, ४० प्रश्न, साधारण ३० मिनिटं. पहिल्या दोन भागांत रोजच्या व्यवहारातलं बोलणं असतं, तिसऱ्यात शिक्षणाबद्दलची चर्चा आणि चौथ्यात लेक्चर. उच्चार ब्रिटिशांपासून ऑस्ट्रेलियनांपर्यंत सगळे येतात, म्हणून पुढच्या वर्षी ऐकण्यात ती विविधता आण. कॉम्प्युटरवर परीक्षा दिली तर शेवटी उत्तरं तपासायला फक्त २ मिनिटं मिळतात. स्पेलिंग चुकलं की मार्क जातो, पण ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं चालतात. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं लिहिलेलं असेल आणि तू तीन लिहिलेस, तर उत्तर बरोबर असूनही चूक धरतात. पहिल्या भागात नाव किंवा पत्ता एकेक अक्षर करून सांगतात, तेव्हा ए, ई, आय यांचा गोंधळ होतो. त्यासाठी आत्तापासून कुणाला तरी अनोळखी नावं अक्षरं सुटी करून सांगायला लाव आणि तू लिही. फोन नंबर सांगताना शून्याला ‘ओ’ म्हणतात आणि दोन आकडे सारखे आले की ‘डबल’ म्हणतात, तेही त्यातच होऊन जाईल. एकदाच ऐकून लिहायची सवय मात्र कॉलेजच्या परीक्षेनंतर लाव. आत्ता तुकडा कितीदाही मागे नेऊन ऐक, त्यात कमीपणा काही नाही.

परीक्षा झाली की त्या वह्या फेकू नकोस. आयईएलटीएसच्या वेळी त्यातली लाल पेनाची पानंच आधी काढायची आहेत.